मामांचा चिनी वसंत

सोलापुरात वसंत ऋतू असतो यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. मी शाळेत भूगोल शिकवतो. गेली बावीस वर्षं मुलांकडून सहा ऋतू पाठ करून घेतो आणि खिडकीबाहेर बघून मनातल्या मनात त्यातले चार खोडतो. आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक असतो तोवरच माळ्यावरचा माठ खाली येतो. थंडी कधी गेली हे कुणाला विचारावं, तर ऊन दारात येऊन उभं. अशा या गावात मामा दर वर्षी फेब्रुवारीच्या चार तारखेला सकाळी आंघोळ करून, गळ्याला मफलर गुंडाळून, शुक्रवार पेठेतल्या आपल्या घराच्या पायरीवर उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आजपासनं वसंत लागला बरं का." ऐकणारा आधी मफलरकडे बघे, मग उन्हाकडे बघे आणि मान डोलवून पुढे जाई. मामांशी वाद घालायची पद्धत आमच्या पेठेत नव्हती. त्यातून हा वसंत आपला नव्हताच. तो चीनमधून आलेला होता.

तो कसा आला हे सांगण्याआधी मामा मूळचे कसे होते हे सांगायला हवं. चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. एका शेडमध्ये चाळीस माग खडखडत असत आणि त्या सगळ्यांच्या वर मामांचा आवाज ऐकू येत असे. रागावणं हा त्यांचा जोडधंदा होता. माझ्या लग्नात त्यांनी बँडवाले, आचारी, भटजी आणि शेवटी मी, अशा क्रमाने सगळ्यांना झापलं. मला कशासाठी, तर ते बाकीच्यांना झापत असताना मी मध्ये न पडता गप्प उभा राहिलो म्हणून. "उद्या आमच्या पोरीला कोण बोललं तर असंच हुबं ऱ्हाणार का तुमी?" असं त्यांनी मुंडावळ्यांसकट मला विचारलं होतं. पंधरा मिनिटांनी तेच हातात ताट घेऊन मला आग्रहाने जिलेबी वाढत होते. त्यांचा राग मुक्कामाला राहत नसे. वळवासारखा यायचा, चार पत्रे उडवायचा आणि निघून जायचा. पण ज्याचे पत्रे उडायचे त्याला ते लवकर विसरता येत नसे, हे मामांना कधी कळलं नाही.

पुढे कारखान्यात चिनी माग आले आणि ते बसवून द्यायला एक चिनी मास्तर आला. साठीचा, किडकिडीत, सोलापुरात येऊनही घाम न येणारा माणूस. तो तीन महिने राहिला आणि मामांना त्याच्या दिमतीला दिलं होतं. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. मध्ये मोबाइल ठेवायचा, एकाने आपल्या भाषेत बोलायचं आणि मोबाइलने ते दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं, असा तो संसार चालला होता. चौथ्या दिवशी एका कारागिराने धागे चुकीच्या जागी ओवले आणि मामांच्या तोंडाचा पट्टा सुटला. चिनी मास्तराने हातातला पाना खाली ठेवला, मामांचं मनगट धरलं, डोळे मिटून बराच वेळ नाडी बघितली, मग त्यांना जीभ बाहेर काढायला लावली आणि मोबाइलशी काहीतरी पुटपुटला. मोबाइल बाईच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या यकृतात आग आहे. वसंत ऋतूत ती वाढते." मामा विरघळलेच. चाळीस वर्षं लोक त्यांना तिरसट, माथेफिरू, डोकं फिरलेला म्हणत आले होते. डोक्याची बाजू घेणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता. संध्याकाळी ते मुद्दाम माझ्या घरी आले. "जावईबापू, सगळ्यांनी उगं माझ्या डोस्क्याला नावं ठिवली," ते म्हणाले. "डोस्कं चांगलं हाय. भानगड लिव्हरची हाय."

चिनी वैद्यकात म्हणे प्रत्येक ऋतूला शरीरातला एकेक अवयव नेमून दिलेला असतो. वसंत लिव्हरचा. लिव्हरचा रंग हिरवा, चव आंबट, जात झाडाची आणि दुर्गुण राग. वसंतात झाडाला पालवी फुटते तशी लिव्हरलाही उभारी येते, म्हणून तेव्हा त्याला जपायचं. हा वसंत फेब्रुवारीच्या चार तारखेच्या सुमारास लागतो आणि मेच्या पाच तारखेच्या सुमारास संपतो. चिनी मास्तर तीन महिन्यांनी निघून गेला, पण जाताना आपला वसंत मामांच्या हवाली करून गेला. मामांनी तो माग सांभाळावा तसा सांभाळला.

पहिला नियम असा, की वसंत आला म्हणून अंगावरचे गरम कपडे घाईघाईने उतरवायचे नाहीत आणि मानेला वारा लागू द्यायचा नाही. मास्तराच्या गावी त्या दिवसांत बर्फ वितळत असणार. मामांनी तो नियम जसाच्या तसा सोलापुराला लावला. मार्चअखेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि गळ्यात मफलर. रिक्षावाले त्यांना आजारी समजून हळू चालवत. मी एकदा शाळेतला पृथ्वीचा गोल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि त्या मास्तराचं गाव कुठे, आपलं सोलापूर कुठे, ऊन कुठे तिरपं आणि कुठे डोक्यावर, हे अर्धा तास समजावलं. मामांनी गोल दोनदा फिरवून बघितला. "दोनी एकाच बाजूला हाईत की," ते म्हणाले. "मधी भिंत हाय का कुटं?" मी गोल पिशवीत घालून परत नेला. बावीस वर्षांच्या नोकरीत माझा एवढा सपशेल पराभव एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही.

दुसरा नियम जेवणाचा. वसंतात आंबट कमी खायचं, गोडसर खायचं, आणि हिरवे कोंब, कोवळी पानं यांच्यावर भर द्यायचा. शेपू, मेथी, कांद्याची पात आणि मोड आलेली मटकी यांवर मामींची हरकत नव्हती, पण ऐन चैत्रात घरात कैरी यायची नाही म्हटल्यावर त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "पन्हं न्हाय, आंब्याची डाळ न्हाय, आमटीत चिंच न्हाय. मग हळदीकुंकवाला बायकांना काय तुमचं लिव्हर दिऊ?" मामांनी पडतं घेतलं आणि मामींनी स्वतःपुरती आणि बायकांपुरती वेगळी कैरी आणावी असा तह झाला. शेवंतीच्या फुलांचा चहा हे दुसरं प्रकरण. हिवाळ्यात फुलं स्वस्त झाली की मामा परडीभर आणून सुपात वाळवत. मामींची अट एकच होती, आधी देवाला आणि मग लिव्हरला. तो चहा मीही प्यायलो आहे. निर्माल्याच्या कलशातलं पाणी गरम करून द्यावं तशी त्याची चव होती, पण सासरचं माणूस समोर बसलं असताना जावयाने तोंड वाकडं करू नये, म्हणून दुसरा कपही घेतला.

वसंतात पहाटे लवकर उठून, कपडे सैल करून, केस मोकळे सोडून अंगणात लांब लांब ढांगा टाकत चालावं, असंही त्या शास्त्रात आहे. मामांच्या घराला अंगण नाही, बोळ आहे. आणि मामांच्या डोक्याला केस नाहीत. पैकी बोळाचं अंगण त्यांनी करून टाकलं. केसांसाठी मामींना गळ घातली. मामी म्हणाल्या, "या वयात केस मोकळे सोडून बोळात फिरले तर लोक नारळ घिऊन पाया पडायला येतील. म्हणतील, बाईच्या अंगात आलंय." शेवटी मामा एकटेच पट्टा सैल करून, एका हाताने पँट धरून ढांगा टाकत. शिवाय डोळे हे लिव्हरचे नातेवाईक असल्यामुळे हिरव्या रंगाकडे टक लावून बघायचं. बोळात एकही झाड नाही, म्हणून मामींनी त्या वर्षी पाडव्याला हिरवी साडी घेतली. मामा ओसरीत बसून सकाळचा अर्धा तास त्यांच्याकडे बघत राहत. "लगीन झाल्यापासनं एवढं कधी बघितलं न्हवतं," असं मामी माझ्या बायकोला सांगत होत्या, तक्रार केल्यासारखं, पण तोंड पदराआड करून.

या सगळ्यावर कळस म्हणजे रागाचा नियम. वसंतात रागावलं की लिव्हरला इजा होते, म्हणून तीन महिने राग बंद. राग आलाच तर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या खोलगट जागी दाबत बसायचं. कारखान्यात मामा नुसते खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागले की शेडमध्ये शांतता पसरे. "जॉबर बूट काढायला लागले" हा निरोप मागामागांतून जाई आणि ज्याने चूक केली असेल तो आपणहून येऊन कबुली देई. मात्र राग बंद म्हणजे राग माफ नव्हे. भांडण पुढे ढकललेलं असे. "सहा मेला या, तवा सांगतो तुमाला," असं ते समोरच्याला सांगत आणि खिळ्याला अडकवलेल्या सुताला त्याच्या नावाने एक गाठ मारत. हाडाचा विणकामातला माणूस, त्यामुळे गाठ अशी बसे की ती सुटायची नाही आणि कुणाची कुठली हेही ओळखू यायचं नाही. पहिल्या वर्षी सहा मेला त्यांनी सूत हातात घेऊन पाहिलं, तर सतरा गाठी होत्या आणि भांडणं आठवत होती तीन. त्यातलं एक बोळात आडवी मोटारसायकल लावणाऱ्याशी होतं. मामा त्याच्या घरी गेले, तर त्याच्या घरी भाचा आजोळी आलेला, जावळाची गडबड. मामा केळीच्या पानावर जेवून परत आले. बाकीच्या चौदा जणांना आपण कशातून वाचलो हे आजतागायत कळलेलं नाही.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी न्यावं असंच होतं. पण मामांच्या एका रागाला हसून चालण्यासारखं नव्हतं. ज्योती ही त्यांची एकुलती एक लेक. चिनी मास्तर गेला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, तिने आपल्या कॉलेजातल्या एका मुलाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगा सोलापुरातलाच, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला, सालस. मामांची सगळी हयात त्या लोकांबरोबर मागावर गेली होती, त्यांचा त्याच्या जातीवर राग नव्हता. राग याचा होता, की ही बातमी त्यांना कारखान्याच्या फाटकावरच्या चहावाल्याकडून कळली. तो म्हणाला, "जॉबर, पेढे कुटं हाईत?" मामांनी विचारलं, "कशाचे?" मामा घरी आले. दिवाळीत वसंत नव्हता आणि अंगठ्याचा नियमही लागू नव्हता. "हा उंबरा पुन्यांदा चढायचा न्हाय," असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं आणि या वेळी मात्र पंधरा मिनिटांनी जिलेबी वाढायला ते आले नाहीत. दोन वर्षं गेली. ज्योती नवऱ्याबरोबर पुण्याला राहायला गेली. मामी देवापुढे बसून तिच्याशी फोनवर कुजबुजत आणि मामा घरात आले की फोन आरतीच्या पुस्तकाखाली ठेवत.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मामी थेट माझ्या शाळेत आल्या. व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, वसंत लागलाय. आता तीन म्हैने त्यांना रागावता येत न्हाय. पोरीला आनता का?" मी आयुष्यात बरेच डावपेच शिकवले, पानिपतापासून पुढचे, इतिहासाचे मास्तर रजेवर असताना, पण याच्या तोडीचा एकही नव्हता. मार्चमध्ये मी ज्योतीला एसटी स्टँडवरून घेऊन आलो. मामा ओसरीत बसले होते. त्यांनी तिला पाहिलं, त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते वाकून पायाचा अंगठा दाबू लागले. बराच वेळ दाबत होते. ज्योती उंबऱ्याबाहेर उभी होती. मग मामा मान वर न करता म्हणाले, "आत या. बसा. परवास नीट झाला ना?"

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. मामींनी पुरण घातलं. ज्योती चार दिवस राहिली आणि पुढच्या वसंतातही आली. मामांनी दोन्ही वेळा तिचं आगतस्वागत असं केलं, की नव्या व्याह्याचंही कुणी करणार नाही. तिच्यासाठी झाकणाचा पेला, धुतलेली चादर, "तुमच्याकडं पाऊसपानी कसं हाय?" अशी चौकशी. तिच्या हातून एकदा बशी फुटली तर म्हणाले, "असू द्या, असू द्या." दुसऱ्या खेपेला मी तिला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, "दाजी, अप्पा माझ्यावर रागावत नाहीत हो." मी म्हणालो, "मग चांगलंच आहे की." तिचे डोळे भरून आले. "बशी फुटली तर लहानपणी बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आता मी पाहुणी झाले. त्यापेक्षा दोन वर्षं बोलत नव्हते ते बरं होतं, तेव्हा मी निदान त्यांची मुलगी होते." गाडी सुटली आणि मी रसाच्या गाड्यावर जाऊन उगाचच दोन ग्लास रस प्यायलो.

त्याच्या पुढच्या वर्षी ज्योती एप्रिलअखेर आली आणि जायचं नाव काढेना. चार मे झाली, पाच मे झाली. मामींचा धीर सुटला. "बाई, आज वसंत संपतोय, संध्याकाळच्या गाडीनं जा," असं त्या विनवत होत्या. ज्योती म्हणाली, "त्यासाठीच राहिलेय." सहा तारखेला सकाळी मामींनी मला बोलावून घेतलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो होतो. मामांनी स्वेटर-मफलर घडी करून ट्रंकेत ठेवला होता आणि ते बनियनवर ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. पानं उलटत नव्हते, एवढंच माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाणी येतं तेव्हा घरात देव आल्यासारखी धावपळ असते. ज्योतीने बॅरलमध्ये पाइप सोडला आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली. बॅरल भरलं, वाहायला लागलं, पाणी मोरीतून गटारीकडे निघालं. ती हलली नाही. मामी उठायला लागल्या तसा तिने त्यांचा हात धरला. ओसरीत वर्तमानपत्र खाली पडलं.

"ज्योते," मामा गरजले, आणि समोरच्या घराची खिडकी उघडली. "पानी चाललंय गटारीत, डोळं फुटलं का तुजं? पाच दिसांनी येतंय पानी, बापाची इहीर हाय का हितं? एक काम धड येत न्हाय तुला. लहानपनापास्नं तसलीच. कुनाला इचारायचं न्हाय, सांगायचं न्हाय, मनाला यील ते करायचं." मग आवाज उतरला, फुटला. "लगीन केलंस ते केलंस. पोरगं चांगलं हाय, मला काय दिसत न्हाय का? पर मला चावाल्यानं सांगितलं गं. चावाल्यानं. तुला मला एक शबुद सांगता आला न्हाय?"

ज्योती म्हणाली, "भीती वाटत होती तुमची."

"मग भ्यायचं की," मामा म्हणाले. "भ्यायचं, रडायचं, पर येऊन सांगायचं. मी वरडलो असतो. लई वरडलो असतो. मग काय? कधी जेवल्याबिगर झोपू दिलंय का तुला?"

ती त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि मामा रडत रडत तिला शिव्या देत राहिले. नव्वद दिवसांच्या नाही, साडेचार वर्षांच्या शिव्या होत्या. समोरच्या खिडकीतल्या बाई डोळे पुसत होत्या. नळ कुणी बंद केला नाही. पाच दिवसांचं पाणी डोळ्यांदेखत गटारीत गेलं आणि ज्या मामांनी आयुष्यभर थेंबाथेंबासाठी पेठ डोक्यावर घेतली, त्यांचं त्या दिवशी तिकडे लक्षही नव्हतं. प्यायचं पाणी भरायचं राहूनच गेलं होतं; दुपारी शेजाऱ्यांनी दोन-दोन घागरी आणून दिल्या, तेव्हा आमचा स्वयंपाक झाला.

याला आता काही वर्षं झाली. मामा निवृत्त झाले. मागांच्या खडखडाटाने कान आधीच गेले होते, गेल्या हिवाळ्यात मोठ्या आजारातून उठले आणि तेव्हापासून फार बोलत नाहीत. यंदा चार फेब्रुवारी आली आणि गेली, त्यांच्या ध्यानात नव्हतं आणि आम्हीही आठवण करून दिली नाही. बोळात मोटारसायकली आडव्या लागतात. मी शाळेतून येताना रोज त्यांच्यापाशी अर्धा तास बसतो. ते माझ्याकडे बघून हसतात, बिस्किटाचा डबा पुढे सरकवतात. त्यांना कशाचाच राग येत नाही, आणि खरं सांगतो, तो दिसावा म्हणून मी एकदा मुद्दाम चप्पल घालून त्यांच्या देवघरापर्यंत गेलो. त्यांनी नुसतं पाहिलं.

पुण्याहून ज्योतीचा रोज संध्याकाळी मला फोन येतो. मामांची औषधं ती मला विचारत नाही, ती मामींना विचारते. मला ती एकच विचारते, "दाजी, आज अप्पा कुणावर रागावले का?" मी म्हणतो, "रागावले तर. दूधवाल्याला असा झापला, की बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं." कधी दूधवाला, कधी पेपरवाला, कधी मी. ती हसते आणि म्हणते, "मग बरं आहे." मी हो म्हणतो, फोन ठेवतो आणि उद्या कुणाचं नाव सांगायचं याचा विचार करत घरी जातो.